बशीभर पाण्यात बडोद्याचे विमान

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडणे हा जगभर पसरलेला छंद आहे. पाहणाऱ्याला ही सगळी विमाने सारखीच वाटतात. छंदिष्टाला मात्र पंख्याचे एक पातेदेखील कमी-जास्त झालेले चालत नाही. हा हट्ट कशासाठी, आणि त्यातून बडोदे, मुंबई, हैदराबाद ही आपली नावे कशी पुढे येतात, त्याची ही हकीकत.

बशीत कोमट पाणी घ्यायचे. कागदाचा नखाएवढा तुकडा त्यात सोडायचा आणि अर्धा मिनिट थांबायचे. कागद भिजला की त्यावरची चित्रे सुटू लागतात. मऊ कुंचल्याच्या टोकाने ती हळूच सरकवत विमानाच्या अंगावर न्यायची, जागा नेमकी साधायची आणि स्वच्छ फडक्याने पाणी टिपून घ्यायचे. श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, कारण हे चित्र कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असते. घडी पडली की गेले.

या वेळी बशीत दोन इंग्रजी अक्षरे आहेत : 'ओ' आणि 'एन'. टेबलावर तळहाताएवढे स्पिटफायर विमान उभे आहे. ही अक्षरे कोणत्या तुकडीची, हे पाहायला माहितीपत्रक उघडावे तर तिथे छापलेले असते : १२४ (बडोदा) स्क्वाड्रन, रॉयल एअर फोर्स.

बडोदा? इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी लढलेल्या विमानाचा गायकवाडांच्या बडोद्याशी काय संबंध? प्लॅस्टिकचे तुकडे जोडायला बसलेला माणूस इथून पुस्तकांकडे वळतो आणि मग त्याची सुटका नसते.

न उडणारी विमाने

हा छंद पोरांच्या खेळण्यातून आला असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. ब्रिटनमध्ये १९३६ साली 'फ्रॉग' या कंपनीने प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जोडायची विमाने बाजारात आणली. फ्रॉगची आधीची विमाने जमिनीवरून खरोखरच उडत. ही नवी नुसती ठेवून पाहायची होती. म्हणून त्यांचे नाव ठेवले 'पेंग्विन', म्हणजे न उडणारा पक्षी! त्यांचे प्रमाण होते १:७२. सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंच होतो, इतका सोपा हिशेब.

पुढे युद्ध पेटले आणि हाच हिशेब लष्कराच्या कामी आला. आकाशातला ठिपका आपला की शत्रूचा, हे तोफेवरच्या शिपायाला क्षणात ओळखता आले पाहिजे. चूक झाली तर आपलेच विमान पडायचे. १९४२ साली अमेरिकी नौदलाने देशातल्या शाळांतील मुलांकडून तब्बल पाच लाख लाकडी विमाने करून घ्यायचे ठरवले, प्रमाण तेच, १:७२. असे विमान ३५ फुटांवर धरले की ते खऱ्या विमानाच्या सुमारे अर्धा मैल अंतरावरच्या दर्शनाइतके दिसते. सुतारकामाच्या तासाला मुले पंख तासत होती आणि त्यावर सैनिक नजर तयार करत होते.

विमानांच्या प्रकारांतले बारकावे ओळखण्याचे वेड असे युद्धातूनच आले. जपानी झीरो विमानाचे उदाहरण घ्या. त्याची एक आवृत्ती पंखांची टोके चौकोनी कापून निघाली. दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना ते वेगळेच विमान वाटले आणि त्याला स्वतंत्र सांकेतिक नाव दिले गेले : 'हॅप'. 'हॅप' हे अमेरिकी हवाई दलप्रमुख जनरल अरनॉल्ड यांचे लाडके नाव! अर्थातच ते बदलून 'हॅम्प' करावे लागले. आणि अखेर लक्षात आले की हा तर आपला जुना झीरोच.

युद्ध संपल्यावर या छंदाला घराघरांत नेले ते 'एअरफिक्स'ने. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ साली लंडनमध्ये ही कंपनी काढली. आधी हवा भरलेली रबरी खेळणी, मग कंगवे, असा तिचा प्रवास. फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती १९४९ची. १९५२ साली वूलवर्थ दुकानांसाठी 'गोल्डन हाइंड' हे जहाज निघाले. किंमत दोन शिलिंगच ठेवायची म्हणून खोक्याऐवजी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर पुठ्ठ्याची पट्टी लावून. पाठोपाठ १९५३ साली पहिले स्पिटफायर आले. घाटात आणि तपशिलात ते बरेच कच्चे होते, पण मुलांच्या खाऊच्या पैशांत युद्धातले विमान घरी येत होते, हे महत्त्वाचे.

नंतर जपानने या धंद्याचे रूप पालटले. शिझुओका प्रांतातल्या हासेगावा आणि तामिया या कंपन्यांची किट नुसती हाती घेतली तरी भाग एकमेकांत टपकन बसतात. तामियाची सुरुवात १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून झाली होती. आपल्याकडचा एक धागाही सांगायला हवा : २०१० च्या आसपासच्या वर्षांत एअरफिक्सच्या अनेक खोक्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेले असे. इंग्लंडचे लाडके विमान, साचा इंग्रजांचा आणि ओतकाम आपले!

एक विमान, चोवीस मार्क

लढाऊ विमाने अनेक झाली, पण प्रकारांच्या वेडाला स्पिटफायरइतके खाद्य क्वचितच कुणी पुरवले असेल. आर. जे. मिचेल यांच्या आराखड्यावरून बनलेले पहिले स्पिटफायर ५ मार्च १९३६ रोजी उडाले. कर्करोगाने मिचेल ११ जून १९३७ रोजी गेले. वय अवघे ४२. विमान हवाई दलात दाखल झाले १९३८ मध्ये, ते त्यांना पाहायला मिळाले नाही. पुढची सारी वाढ त्यांचे सहकारी जोसेफ स्मिथ यांनी केली. एकूण वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बनली आणि सुधारित आवृत्त्यांचे क्रमांक, म्हणजे 'मार्क', चोवीसपर्यंत गेले.

हे मार्क ओळखायचे कसे? नवख्याने पंख्याची पाती मोजावीत. सुरुवातीच्या विमानांना लाकडाचा दोन पात्यांचा पंखा होता. लवकरच तीन पाती आली. मार्क ५ ला तीन, मार्क ९ ला चार, मार्क १४ ला पाच. इंजिनाची ताकद वाढत गेली, तिला हवेत पकडायला पातीही वाढत गेली. मार्क १ ताशी ५८० किलोमीटरच्या आसपास जाई, मार्क १४ सातशेच्या पुढे.

मग विमान उलटे करावे. मार्क ५ च्या उजव्या पंखाखाली रेडिएटरची चौकोनी पेटी आणि डाव्याखाली तेल थंड करणारे गोल नळकांडे. दोन बाजू दोन तऱ्हेच्या. मार्क ९ मध्ये दोन्हीकडे सारख्या पेट्या. कारण नव्या इंजिनाला जास्त थंडावा हवा होता. प्लॅस्टिकच्या त्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान पेटीमागे १९४१-४२ ची धास्ती आहे. १९४१ च्या शरदात जर्मनांचे फॉक-वुल्फ १९० आले आणि मार्क ५ ची विमाने त्याच्यापुढे पडू लागली. वैमानिक जात होते आणि तोड सापडत नव्हती. नवे दोन टप्प्यांचे इंजिन तयार होते, पण त्याच्यासाठी बेतलेले मार्क ८ चे विमान तयार व्हायला वेळ होता. तेव्हा तात्पुरती सोय म्हणून मार्क ५ च्याच सांगाड्यात ते इंजिन बसवले. तोच मार्क ९. १९४२ च्या जुलैत तो लढाईत उतरला. तात्पुरती सोय इतकी जमली की ती हजारोंच्या संख्येने शेवटपर्यंत बनत राहिली. आपल्याकडच्या सरकारी 'तात्पुरत्या' व्यवस्थांची आठवण व्हावी, फरक इतकाच की ही उत्तम चालली!

त्याच वर्षीची आणखी एक गंमत. २३ जून १९४२ रोजी आर्मिन फेबर नावाचा जर्मन वैमानिक दिशा चुकला आणि आपले कोरे करकरीत फॉक-वुल्फ घेऊन फ्रान्सऐवजी वेल्समधल्या पेम्ब्री विमानतळावर उतरला. ज्या विमानाच्या भीतीने ब्रिटिशांची झोप उडाली होती, ते धडधाकट अवस्थेत दारात आले. फेबरचे ते विमान आजही छंदिष्टांच्या आवडत्या विषयांपैकी एक आहे.

मार्क १४ जोडताना आणखी एक खुबी ध्यानात ठेवावी लागते. त्याचे ग्रिफन इंजिन जुन्या मर्लिनच्या उलट दिशेने फिरे. त्यामुळे पात्यांचा पीळही उलटा. खऱ्या वैमानिकांच्या दृष्टीने हा फरक जिवाशी गाठ होता. मर्लिनचे विमान धावपट्टीवर एका बाजूला ओढे, ग्रिफनचे दुसऱ्या. सवयीने पाय जुन्याच बाजूला दाबला की विमान पट्टी सोडून निघालेच.

फरक म्हणजे सगळे डोळ्यांना दिसतातच असे नाही. सुरुवातीच्या मर्लिन इंजिनात एक खोट होती : विमानाने एकदम नाक खाली केले की इंधनाचा पुरवठा बिघडून इंजिन क्षणभर बंद पडे. पाठलागात तो क्षण फार महाग. १९४१ मध्ये फार्नबरोच्या संशोधन केंद्रातील बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी त्यावर उपाय काढला. इंधनाच्या नळीत बसवायची भोक असलेली धातूची छोटी चकती! या बाई ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्टीवर ताशी शंभर मैलांहून जास्त वेगाने मोटारसायकल पळवणाऱ्या. त्यांची चकती कोणत्याच किटमध्ये नसते, कारण ती इंजिनाच्या पोटात लपलेली. पण स्पिटफायर जोडणाऱ्याला ती माहीत असते.

मुंबईची दोन, बडोद्याचे एक

आता त्या 'ओएन'कडे वळू.

१९४० नंतर ब्रिटनमध्ये आणि साम्राज्यभर विमानांसाठी देणग्या गोळा झाल्या. एका स्पिटफायरची ठोकळ किंमत पाच हजार पौंड धरली होती. त्या वेळच्या एक शिलिंग सहा पेन्सच्या दराने सुमारे ६६ हजार रुपये. देणगीदाराचे नाव विमानाच्या अंगावर लहान अक्षरांत रंगवत. मोठी रक्कम आली तर अख्ख्या स्क्वाड्रनला नाव मिळे. हिंदुस्थानात स्वराज्याची मागणी जोरात होती, १९४२ चे आंदोलन पुढे उभे होते, बंगालचा दुष्काळ यायचा होता. अशा काळात हा पैसा समुद्रापार गेला. काही जणांनी निष्ठेने दिला असेल, काहींनी दबावाने. त्याचा निवाडा प्लॅस्टिकच्या विमानावरून होणार नाही. नावे मात्र राहिली.

१२४ स्क्वाड्रन बडोद्याची. त्या वेळी तिथे प्रतापसिंहराव गायकवाड गादीवर होते. स्क्वाड्रनच्या बोधचिन्हात मुंगूस आहे. सापाला न भिणारे ते जनावर कुणाला सुचले असेल, कोण जाणे. १२२ स्क्वाड्रन मुंबईची, अक्षरे 'एमटी'. १३२ स्क्वाड्रनही मुंबईची, 'सिटी ऑफ बॉम्बे', अक्षरे 'एफएफ', चिन्ह बिबट्याचे. या तुकडीची वाट तर अद्भुत. स्कॉटलंडमध्ये १९४१ साली उभी राहिली, १९४४ मध्ये नॉर्मंडीत लढली, १९४५ च्या सुरुवातीला सिलोनला पोहोचली आणि युद्ध संपता संपता हाँगकाँगला गेली. मुंबईचे नाव घेऊन एवढे फिरली. १५२ स्क्वाड्रन हैदराबादची, तिच्या चिन्हात निजामाचे शिरोभूषण.

बडोद्याच्या स्क्वाड्रनने वापरलेली विमाने प्रकारांच्या शोधात असलेल्या माणसाला मेजवानीच वाटतील. अतिशय उंचीवरून येणाऱ्या जर्मन युंकर्स विमानांना गाठण्यासाठी मार्क ६ बनले. त्याच्या पंखांची टोके लांबवून टोकदार केली होती. साध्या स्पिटफायरचा पंखविस्तार ३६ फूट १० इंच, याचा ४० फूट २ इंच. १:७२ च्या प्रतिकृतीत हा फरक दीड सेंटिमीटरहूनही थोडा कमी. पण शेजारी शेजारी ठेवले की नजरेत भरतो. वैमानिकाची खोली हवाबंद, आतल्या हवेचा दाब टिकून राहावा म्हणून. असे मार्क ६ जेमतेम शंभर बनले. नंतरचे सुधारित मार्क ७ ही बडोद्याकडे होते. या दोन्हींची किट मार्क ५ आणि ९ इतकी सहज मिळत नाहीत. मिळाली नाहीत तर छंदिष्ट मार्क ५ घेतो, पंखांना प्लॅस्टिकची पट्टी चिकटवतो, पुट्टी भरतो आणि घासत बसतो.

हैदराबादच्या १५२ ची कथा आणखी जवळची आहे. १९४३ च्या डिसेंबरात ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. तिच्या मार्क ८ विमानांवर झेप घेणारा काळा पँथर रंगवलेला असे. एखादा जाणता माणूस हे विमान पाहून पहिला प्रश्न विचारतो : मधला लाल ठिपका कुठे गेला? ब्रिटिश विमानांवरची गोल खूण निळी, पांढरी आणि मध्ये लाल असते. पण जपानी विमानांवर तांबडा सूर्य. दाट जंगलावर घाईत लाल दिसले की आपल्याच विमानावर गोळी सुटण्याची भीती. म्हणून या आघाडीवर लाल रंगच काढून टाकला आणि पांढऱ्याच्या जागी फिकट निळा आला. गडद निळ्यात फिकट निळा, बस्स. किटबरोबरच्या चित्रांत चुकून युरोपातली खूण असली आणि ती चिकटवली, तर विमान इम्फाळऐवजी इंग्लंडचे होते.

हीच दोन निळ्यांची खूण हिंदी हवाई दलाच्या विमानांवरही होती. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत चार जुनाट वापिती विमानांवर सुरू झालेले हे दल ११ वर्षांत इम्फाळच्या लढाईत हरिकेन घेऊन उतरले. तेथे पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व अर्जन सिंग करत होते. १९४४ साली त्यांना डीएफसी पदक मिळाले. २००२ मध्ये ते मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले. त्याच १९४४ मध्ये आठव्या स्क्वाड्रनकडे स्पिटफायर आली. चौथी स्क्वाड्रन मार्क १४ घेऊन १९४६ साली थेट जपानमध्ये, ताब्यातल्या प्रदेशावर गस्त घालायला गेली. १९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरवर टोळीवाले चालून आले तेव्हा श्रीनगरच्या बचावालाही स्पिटफायर होती.

त्याआधी, १९४० साली, २४ हिंदी वैमानिक ब्रिटनला गेले होते. त्यांतले महिंदरसिंग पुज्जी हरिकेन उडवत, तेही फेटा बांधून. किटच्या खोक्यात जो इवला वैमानिक असतो, त्याच्या डोक्याला चामडी टोपी असते. पुज्जींचे विमान करायचे तर ती टोपी पात्याने तासायची आणि पुट्टीचा तांदळाएवढा गोळा सुईने वळवून फेटा बांधायचा. फेट्याचा एकेक पेच! तासभर त्यातच जातो.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर, हरिकेन आणि टेम्पेस्ट खरीखुरी पाहता येतात. दिल्लीला गेलेच तर मुलांना जरूर दाखवा. १९७० च्या दशकात भारतात पडून असलेली अनेक स्पिटफायर परदेशी संग्राहकांनी नेली. त्यांतली काही दुरुस्त होऊन तिकडे आजही उडतात. आपल्याकडच्या गंजक्या सांगाड्यांची किंमत आपल्याला उशिरा कळली, एवढेच म्हणायचे.

डायनिंग टेबलाची वाटणी

घरातल्या माणसांचे काय? या छंदाला जागा लागते, आणि ती बहुधा डायनिंग टेबलाची. पोळ्या एका कोपऱ्यात, पंख दुसऱ्या. शिवाय वास. प्लॅस्टिक जोडण्याचा खास गोंद हा खरे तर गोंद नव्हेच. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. त्यामुळे एकदा चुकीचे जोडले की उकलत नाही. त्याची वाफ चांगली नव्हे, म्हणून खिडकी उघडी हवी. लहान मुलांच्या हाती पाते आणि हा गोंद मोठ्यांच्या देखरेखीशिवाय देऊ नये. झटपट चिकटणारा सुपरग्लू काचेच्या टोपणाजवळ नेऊ नये, त्याच्या वाफेने काच दुधाळ होते. तिथे साधा पांढरा डिंक बरा.

नवख्याने १:७२ चे साधे एक-इंजिनी विमान घ्यावे. ते पंधरा-सोळा सेंटिमीटरचे होते, पुस्तकांच्या फळीवर मावते. १:४८ चे तेच विमान तेवीस सेंटिमीटर, १:३२ चे पस्तीस. एअरफिक्सने १९७० साली १:२४ चे अवाढव्य 'सुपरकिट' काढले, ते मांडायला वेगळे टेबलच हवे. मोठ्या शहरांतली मोजकी दुकाने सोडली तर आपल्याकडे किट परदेशातून मागवावी लागतात. टपाल आणि जकात धरून किंमत चांगलीच चढते. परदेशातला भाचा सुट्टीत येतो तेव्हा त्याच्या बॅगेतली चॉकलेटे घरातल्यांची आणि खोकी मामाची, असा करार कितीतरी घरांत होत असेल.

खोकी मात्र जमतच जातात. ज्याने हा छंद घेतला त्याच्याकडे जोडलेल्या विमानांपेक्षा न जोडलेल्यांची संख्या जास्त असते, आणि त्याबद्दल त्याला फारसे वाईटही वाटत नाही. निवृत्तीनंतर करू, म्हणतो. पुढे डोळे अधू होतात, हात कापू लागतो. पोटमाळ्यावरच्या खोक्यांचे काय करायचे, हा प्रश्न मग मुलांपुढे येतो. एखादे वजनावर विकले जाते, एखादे दुसऱ्या छंदिष्टाच्या हाती पडते. म्हणून जाणती मंडळी सांगतात की खोके आणले की निदान पंख जोडून ठेवावेत. जोडलेले विमान सहसा कुणी रद्दीत टाकत नाही.

हट्टाच्या टोकाला गेलेल्यांना छंदिष्ट चेष्टेने 'रिव्हेट मोजणारे' म्हणतात. रंगांवरून तर महाभारत होते. युद्धातले बहुतेक फोटो कृष्णधवल. काही जुन्या फिल्मवर पिवळा रंग जवळजवळ काळा उमटतो, मग कुणी काय समजायचे? झीरो विमानाचा मूळ रंग कोणता होता, यावर लोक आयुष्यभर भांडले आहेत. दुसरीकडे, ढगांच्या लगेच खाली उडून टेहळणीचे फोटो काढणारी काही स्पिटफायर चक्क फिकट गुलाबी होती. ते रंगवून कपाटात ठेवले की पाहुणा हमखास विचारतो, हे मुलीसाठी केले का?

फावल्या वेळात करणाऱ्याला महिनाभर लागतो. भाग कापायचे, घासायचे, आतली खोली रंगवायची, दोन अर्धी अंगे जोडायची, सांधे भरायचे, रंग, मग चित्रे, मग वार्निश. काच शेवटी. इतर बहुतेक स्पिटफायरची काच मागे सरकवलेली ठेवता येते, म्हणजे आतली बैठक, दांडी, घड्याळांची पाटी दिसते. इतकी मेहनत घेतली तर ती दिसायला नको का?

बडोद्याच्या मार्क ६ चे तसे नाही. त्याचे टोपण उडण्यापूर्वी जमिनीवरच्या माणसांनी जागेवर बसवून पक्के करायचे. आत बसलेल्या वैमानिकाला ते हवेत सरकवता येत नसे. जीव वाचवायची वेळ आली तर झटक्यात उडवून टाकणे एवढाच मार्ग. आत उकडे आणि वैमानिकांना ते मुळीच आवडत नसे. तेव्हा आत कितीही बारीक काम केलेले असो, डिंकाचा एक थेंब काचेच्या कडेला लावायचा, काच खाली ठेवायची आणि चिमटीत धरून मिनिटभर थांबायचे. बंदच.